भूल, सिस्टर आणि पगार : गडहिंग्लज परिसराचा आढावा

गडहिंग्लजला भूल देणाऱ्या नर्सला किती पगार मिळतो, या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की असं पदच इथे नाही. गडहिंग्लजलाच काय, महाराष्ट्राच्या कुठल्याही सरकारी आकृतिबंधात नाही. आपल्याकडे भूल द्यायची ती डॉक्टरने : एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीए केलेल्या भूलतज्ज्ञाने. पण भूल म्हणजे एक सुई टोचली की संपलं, असं नसतं. ट्रॉली लावण्यापासून पेशंटचे पाय हलेपर्यंत त्या कामाचे अनेक तुकडे पडतात आणि त्यातले बरेचसे सिस्टरच्या वाट्याला येतात. त्या तुकड्यांचे वेगळे पैसे तिला मिळतात का, हा इथला खरा प्रश्न. माझं म्हणणं असं की मिळत नाहीत, आणि त्याचा तोटा तिच्याइतकाच टेबलावरच्या पेशंटलाही होतो.

गडहिंग्लज म्हणजे या भागाची दवाखान्यांची पेठ. आजरा, चंदगड, नेसरी, पलीकडे संकेश्वर-हुक्केरीकडची गावं, सगळीकडून माणसं इथे येतात. सरकारी उपजिल्हा रुग्णालय इथेच आहे. आजरा, चंदगड, नेसरी इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत. खाजगी नर्सिंग होम रस्त्यारस्त्यावर. इथे जमलं नाही तर पेशंट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातो किंवा सीमा ओलांडून बेळगावला. चंदगडच्या माणसाला तर कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ. म्हणजे पगाराच्या दृष्टीने बघितलं तर इथल्या सिस्टरसमोर दोन्ही बाजूंना मोठ्या हॉस्पिटलांची शहरं आहेत, आणि मध्ये दहा-वीस खाटांची नर्सिंग होम.

अशा छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ पगारावर नसतो. तो बोलावल्यावर येतो. एका हॉस्पिटलातलं सिझर आटोपलं की दुसरीकडचा हर्निया, तिथून तिसरीकडचं हाड. केसमागे फी, ती सर्जनच्या बिलातून किंवा वेगळी. यात गैर काही नाही. एका गावात भूलतज्ज्ञ थोडे आणि ऑपरेशन थिएटरं जास्त असली की असंच होणार. पण त्यामुळे भूलतज्ज्ञ यायच्या आधीचा आणि गेल्यानंतरचा वेळ सिस्टरकडे येतो.

रात्रीच्या सिझरचं उदाहरण घेऊ. बाळाचे ठोके कमी झाले, डॉक्टरीणबाईंनी सिझर ठरवलं, भुलीच्या डॉक्टरांना फोन गेला. ते पोचेपर्यंत सिस्टरने सलाइन चालू केलेलं असतं, नातेवाइकांची सही घेतलेली असते, शेवटचं कधी खाल्लं ते विचारून कागदावर लिहिलेलं असतं. ट्रॉलीवर कमरेत द्यायची बारीक सुई, हेवी बुपिवाकेनचं अँप्युल, बीपी पडलं तर लागणारं मेफेंटरमीन, अ‍ॅट्रोपिन. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते ती बघते. सक्शन ओढतं का, ऑक्सिजनच्या सिलिंडरला चावी आहे का, तो भरलेला आहे का, हेही बघते. कारण कमरेची भूल चढली नाही किंवा जास्त वर चढली, तर दोन मिनिटांत हे सगळं लागतं आणि तेव्हा शोधायला वेळ नसतो. डॉक्टर पाठीत सुई घालत असताना बाईला पुढे वाकवून, खांद्याला धरून स्थिर ठेवणारी तीच. मग उजव्या कमरेखाली उशी, म्हणजे पोटाचा भार मोठ्या शिरेवर येऊन बीपी पडू नये. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज उतरू लागला की मान वळवण्याआधी तिच्या कानाला कळतं. बाळ रडलं, टाके पडले, भुलीचे डॉक्टर पुढच्या केसला निघाले. आता बाईचे पाय हलेपर्यंत, बीपी जागेवर येईपर्यंत, लघवीच्या पिशवीत आणि पॅडवर किती आलं हे बघत बसणारी सिस्टर एकटी असते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि कमरेच्या भुलीनंतर पडणारं बीपी, दोन्ही ओळखायचं असतं ते याच वेळात.

हे काम शिकवून येतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ऑपरेशन रूम नर्सिंगची एक वर्षाची पदविका ठरवून दिलेली आहे, जीएनएम ही नर्सिंगची मूळ पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग झाल्यावर करायची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी अभ्यासक्रमात भूल तंत्रज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ तयार होतात. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात भूल सहायकांना मान्यताप्राप्त व्यवसायाची जागाही मिळाली. कागदावर शिडी उभी आहे. पायऱ्यांना मोल मात्र नाही.

सरकारी पगारापासून सुरुवात करू, कारण तिथेच आकडे उघड आहेत. राज्य शासनाची अधिपरिचारिका सातव्या वेतन आयोगात एस-१३ या स्तरावर येते : ३५,४०० ते १,१२,४००. नव्याने लागलेल्या मुलीचं मूळ वेतन ३५,४०० धरू. जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या ५५ टक्के दराने महागाई भत्ता १९,४७० होतो. गडहिंग्लजसारख्या छोट्या शहराचं घरभाडं १० टक्क्यांनी ३,५४०. मिळून ५८,४१०. त्यातून पेन्शनचे १० टक्के आणि व्यवसाय कर वजा जाता हातात बावन्न हजारांच्या आसपास. इतर छोटे भत्ते धरलेले नाहीत. तालुक्याच्या गावात हा चांगला पगार आहे, हे स्वच्छ म्हटलं पाहिजे. याच पगारावर या भागातल्या कितीतरी घरांत भावंडांची शिक्षणं झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला.

तरी दोन गोष्टी खटकतात. केंद्र सरकारच्या रुग्णालयात हेच काम करणारी नर्सिंग ऑफिसर सातव्या स्तरावर, ४४,९०० पासून सुरू होते. सुरुवातीलाच साडेनऊ हजारांचा फरक आणि त्यावर भत्ते. राज्यातल्या परिचारिका जुलै २०२५ मध्ये संपावर गेल्या, त्यामागच्या कारणांत वेतनातल्या त्रुटीही होत्या. दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या जास्त जवळची. वॉर्डात गोळ्या वाटणारी आणि थिएटरमध्ये भुलीच्या पेशंटपाशी उभी राहणारी, दोघी एस-१३. थिएटरची पदविका केली म्हणून वेगळा स्तर नाही. वॉर्डाचं काम हलकं असं मी म्हणत नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळी करून बघावी. पण जादा शिकून जादा जोखीम घेणाऱ्या बाईला त्याचं काही मिळत नसेल, तर ती एक वर्ष घर सोडून, फी भरून तो कोर्स का करील?

कायम पदं सगळी भरलेली नसतात. ती पोकळी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी सिस्टर भरून काढतात. त्यांच्या जाहिरातीत मानधनाचा आकडा वर्षानुवर्षं बहुतेक तोच : महिना २०,०००. एकाच थिएटरमध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघींच्या कमाईत अडीच पटीहून जास्त अंतर. शिक्षण तेच, नोंदणी तीच, पाळी तीच. दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम करण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. अंमल होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अभियानाच्या कर्मचाऱ्यांना राज्यभर काम बंद ठेवावं लागलं. त्याआधी २०२२ मध्ये खाजगी एजन्सीमार्फत परिचारिका भरण्याच्या निर्णयाविरुद्धही संप झाला होता. या तिन्ही वेळी लोकांनी पेशंटचे हाल बघितले. संपावर गेलेलीचा महिना कसा भागतो हे फारसं कुणी बघितलं नाही.

आता खाजगीकडे. इथे छापील आकडा कुठेच नाही. पगार तोंडी ठरतो, बऱ्याचदा नेमणुकीचं पत्रही नसतं. अभियानाच्या वीस हजारांशीही बरोबरी होत नाही, अशा नोंदणीकृत सिस्टर छोट्या नर्सिंग होममध्ये सहज भेटतात. पाळी बारा तासांची. रात्री केस लागली तर झोपेतून उठून यायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, म्हणजे मुलगी मध्येच सोडून जाऊ नये. आणि या सगळ्याच्या खाली अजून एक थर आहे : कुठलाही नर्सिंगचा कोर्स न केलेल्या, डॉक्टरांनी हाताखाली घेऊन तयार केलेल्या मुली. त्यांतल्या काहींचा हात खरोखर चांगला असतो, पेशंटला त्या सिस्टरच वाटतात. पण त्यांचा पगार जितका खाली, तितका शिकलेल्या मुलीचा पगार खाली ओढला जातो. सहा-सात हजारांत मुलगी मिळत असेल तर जीएनएमवालीला वीस का द्यायचे, हा हिशोब मालकाच्या डोक्यात येतोच.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टर जोडप्याचं कर्ज, जनरेटर, ऑक्सिजन, जैविक कचऱ्याचं बिल, हे सगळं खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशनचं एकगठ्ठा पॅकेज मिळतं, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधं, सिस्टर सगळ्यांचं त्यातच भागवायचं असतं. पैसे यायला वेळही लागतो. पण त्या पॅकेजची वाटणी करताना भूलतज्ज्ञाची फी आधी बाजूला निघते, औषधाचं बिल निघतं, आणि ओढाताण होते ती पगाराच्या पाकिटात. सर्वांत कमी आवाज ज्याचा, त्याच्यावर काटकसर.

याला कायद्याने चाप बसावा म्हणून ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं, आणि त्या समितीने स्पष्ट शिफारशी केल्या. २०० खाटांच्या वरच्या खाजगी रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार. १०० ते २०० खाटांत फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी. आणि ५० च्या आत असेल तरी २०,००० च्या खाली नाही. गडहिंग्लजची बहुतेक नर्सिंग होम शेवटच्या गटात बसतात. म्हणजे इथल्या सिस्टरला २०१६ सालीच किमान वीस हजार मिळायला हवे होते, तेही त्या वेळच्या वीस हजारांच्या किमतीने. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून वीस हजारांचा किमान दर लागू केला. तिथल्या सिस्टर त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. महाराष्ट्रात त्या शिफारशी कागदावरच राहिल्या.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्रात झाली. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी प्रत्येक नर्सिंग होमला दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं. त्यात भूलतज्ज्ञाची फी आहे, ऑपरेशन थिएटरचं भाडं आहे, थिएटर सहायकाचं शुल्क आहे, आणि दिवसाचं शुश्रूषा शुल्कही आहे. पेशंटच्या नातेवाइकांनी हा फलक वाचावा आणि एक साधा गुणाकार करावा : दिवसाचं शुश्रूषा शुल्क, गुणिले भरलेल्या खाटा, गुणिले तीस. मग त्या मजल्यावर काम करणाऱ्या सिस्टर किती आणि त्यांना महिन्याला काय मिळतं ते विचारावं. शुश्रूषेच्या नावाने पेशंटकडून घेतलेला पैसा शुश्रूषा करणारीपर्यंत किती पोचतो, हे याहून सोप्या रीतीने कळणार नाही.

मग भूल देणारी नर्स ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतून. तिथे पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलात सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी १८७७ मध्ये भूल द्यायला सुरुवात केली. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून जास्त भुलींचा वृत्तांत मांडला, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. डॉक्टरांनी हरकत घेतली, खटले झाले. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डॅग्मार नेल्सन यांच्या बाजूने निकाल दिला आणि नर्सने भूल देणं कायदेशीर ठरलं. इंग्लंडमध्ये उलट झालं. तिथे जॉन स्नो यांच्यापासून भूल हे डॉक्टरचंच काम राहिलं. आपण वैद्यकीय शिक्षण आणि कायदा इंग्रजांकडून घेतला, म्हणून आपल्याकडेही तेच. भारतातल्या काही मिशन हॉस्पिटलांनी, डॉक्टर मिळत नव्हते म्हणून, परिचारिकांना भूल द्यायला शिकवलं खरं, पण त्याला सरकारदरबारी स्वतंत्र पदाची मान्यता मिळाली नाही. आमच्या भागाला मिशन हॉस्पिटल नवं नाही. मिरजेला वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं आणि काही वर्षांतच नर्सिंगचं शिक्षणही सुरू केलं. दक्षिण महाराष्ट्रात मुलींनी घराबाहेर पडून नर्स होण्याची वाट तिथूनच रुळली.

अमेरिकेतला अलीकडचा आकडा डोळे दिपवणारा आहे. तिथल्या श्रम खात्याच्या मे २०२४ च्या पाहणीत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टची मध्यम वार्षिक कमाई २,२३,२१० डॉलर, म्हणजे आपल्या रुपयांत दोन कोटींच्या आसपास. पण रुपयांत केलेला हा आकडा फसवा आहे, तिकडचा खर्चही डॉलरमध्येच असतो. त्यापेक्षा शेजारचा आकडा बघावा. साध्या नोंदणीकृत नर्सची मध्यम कमाई ९३,६०० डॉलर. म्हणजे भुलीचं शिक्षण घेतल्यावर तिथे नर्सचा पगार जवळपास २.४ पट होतो, तर डॉक्टर भूलतज्ज्ञाची सरासरी सव्वातीन लाख डॉलरच्या वर राहते. डॉक्टर वरच आहे, पण नर्सच्या कौशल्याची किंमत मोजून दिलेली आहे. आमच्याकडे तोच गुणक किती? एक. पदविका करा, न करा, पगार तोच.

त्या दोन कोटींच्या आशेने नर्सिंगला येणाऱ्या मुलीला वाट नीट सांगितली पाहिजे. जीएनएम पुरत नाही, पदवी लागते. मग एनसीएलईएक्स ही तिथली नर्सिंगची परवाना परीक्षा, तिथल्या राज्याचा परवाना, अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, आणि त्यानंतर तीन वर्षांचा डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम. २०२५ पासून या व्यवसायात नव्याने येणाऱ्याला डॉक्टरेटच लागते. ग्रीन कार्डासाठी भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची. वाट अशक्य नाही, पण विशीत सुरू केलेली वाट पस्तिशीपर्यंत जाते. त्यामानाने ब्रिटन किंवा जर्मनी जवळ. इंग्लंडच्या सरकारी सेवेत नर्सची सुरुवात २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंडांवर होत होती. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषा शिकावी लागते. पूर्वी आजरा-चंदगडची माणसं मुंबईच्या गिरणीत जायची. आता त्यांच्या नाती जर्मन शिकू लागल्या तर त्यांना दोष देण्याआधी इथल्या पगाराचं पाकीट उघडून बघावं.

भूलतज्ज्ञांचा तुटवडा सरकारलाही मान्य आहे. म्हणूनच एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवडे शिकवून तातडीच्या बाळंतपणासाठी भूल द्यायला तयार करण्याचा कार्यक्रम केंद्राने राबवला. त्यात निवड डॉक्टरांचीच झाली. दहा वर्षं थिएटरमध्ये उभी असलेली, बीपी पडताना आवाजावरून ओळखणारी सिस्टर त्या शिक्षणाच्या यादीत नव्हती. अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनर आणि प्रसूतीसाठी प्रशिक्षित मिडवाइफ हे अभ्यासक्रम गेल्या दहा वर्षांत आले. भुलीच्या बाजूला तसं पाऊल पडलं नाही.

तर मग इथेही नर्सने स्वतंत्रपणे भूल द्यावी का? मला वाटतं, आज नाही. त्यासाठी लागणारं शिक्षण, देखरेख आणि कायद्याचं कवच यांतलं काहीच आपल्याकडे तयार नाही. ते नसताना नुसता अधिकार दिला तर छोट्या गावात तो स्वस्तात वापरला जाईल, आणि काही बिघडलं तर पोलिसांत नाव सिस्टरचं जाईल. ती भीती आजही आहेच. भूलतज्ज्ञ निघून गेल्यावर पेशंटपाशी बसलेल्या सिस्टरकडे निर्णयाचा अधिकार नसतो, हातात ठरवून दिलेला लेखी क्रम नसतो, पण जबाबदारी पूर्ण असते. पदाविना आणि पैशांविना ही जबाबदारी तिच्यावर टाकणं हा अन्याय आहे, आणि याला दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

करता येण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि त्यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. थिएटरची पदविका केलेल्या सिस्टरला राज्याने दोन जादा वेतनवाढी द्याव्यात. उपजिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात करावी. अभियानातल्या थिएटर सिस्टरला रात्रीच्या केसमागे भत्ता द्यावा, जसा बोलावून आलेल्या भूलतज्ज्ञाला केसमागे मोबदला मिळतो. खाजगीत, नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना नोंदणीकृत सिस्टरांची यादी आणि त्यांच्या खात्यात जमा झालेल्या पगाराचा उतारा मागावा. ५० खाटांच्या आतला २०१६ चा वीस हजारांचा किमान दर आजच्या महागाईला लावून राज्याने अधिसूचित करावा. केरळला जमलं ते आपल्याला का जमू नये? आणि गडहिंग्लजच्या डॉक्टरांच्या संघटनेला मनावर घेऊन एक गोष्ट उद्यापासून करता येईल : सगळ्यांनी मिळून एक किमान पगार ठरवायचा, आणि भूलतज्ज्ञ निघून गेल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांसाठी थिएटरच्या सिस्टरला केसमागे ठरावीक रक्कम द्यायची, बिलात वेगळ्या ओळीत लिहून.